न्यायालयातली क्लॉडेट

माँटगोमेरीच्या बसची गोष्ट आपण एकाच रूपात ऐकलेली असते. १ डिसेंबर १९५५, रोझा पार्क्स, न सोडलेली जागा. आज आम्ही घेतलेलं फिलिप हूज यांचं 'क्लॉडेट कॉल्विन: ट्वाइस टोवर्ड जस्टिस' (२००९) हे पुस्तक त्याच्या नऊ महिने मागे जातं. २ मार्च १९५५ला शाळेतून घरी निघालेली १५ वर्षांची काळी मुलगी गोऱ्या बाईसाठी उठत नाही. पोलीस तिला बेड्या घालून नेतात.

मग आपण हिला विसरलो का? तयार उत्तर असं, की ती लग्नाआधी गरोदर राहिली म्हणून नेत्यांनी तिला बाजूला ठेवलं. ते खोटं नाही, पण अपुरं आहे. जरा खटला बघा. आरोप तीन: वर्णभेदाचा नियम मोडला, शांतता भंग केली, पोलिसावर हात उचलला. मे महिन्यात अपिलात पहिले दोन गेले, तिसरा तेवढा राहिला. म्हणजे ज्या नियमाला आव्हान द्यायचं, तोच खटल्यातून गायब! आणि मुलगी मात्र गुन्हेगार. गरोदरपण यानंतरचं. आम्हाला विचाराल तर बेड्यांपेक्षा हा निकाल जास्त निर्दय.

शीर्षकातलं 'दोनदा' म्हणूनच महत्त्वाचं. ११ मे १९५६ला, नुकतीच बाळंत झालेली क्लॉडेट 'ब्राउडर विरुद्ध गेल' खटल्यात साक्षीला उभी राहिली. फिर्यादी चार स्त्रिया. रोझा पार्क्स त्यांत नाहीत. तुमचा पुढारी कोण, असं शहराचे वकील विचारतात. रोख अर्थात मार्टिन ल्यूथर किंग यांच्यावर. ती सांगते, आमचे पुढारी आम्हीच. ५ जूनला तीनपैकी दोन न्यायाधीशांनी बसमधला वर्णभेद घटनाबाह्य ठरवला, नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम केला. बसमधली बाई भित्तिचित्रांत आली. ही साक्ष मात्र तेवढी लोकांसमोर आली नाही.

हूज तिला तिच्याच शब्दांत बोलू देतात, मध्येमध्ये लुडबूड करत नाहीत. हे पुस्तकाचं खरं बळ. उणीव मेरी लुईस स्मिथची. वय १८, अटक ऑक्टोबर १९५५, त्याच खटल्यात फिर्यादी. तिचे वडील दारुडे आहेत असं बोललं गेलं, तिने ते नाकारलं. तिला इथे कडेलाच जागा आहे, आणि ते आम्हाला खटकतं.

पुस्तक हाती घ्याल तेव्हा न्यायालयाचा भाग आधी वाचा, बसचा नंतर.