वाळवंट, खदान आणि आपले वनसाहित्य

मराठी माणसाला 'वाळवंट' म्हटले की राजस्थान नंतर आठवते, आधी चंद्रभागा आठवते. नदीच्या पात्रात उघडा पडलेला रेतीचा पट्टा, त्यावर राहुट्या, कीर्तन आणि वारकऱ्यांची दाटी. मरुभूमीलाही आपण तोच शब्द लावतो. लोधीखेड्यासारख्या गावात, जिथे घरात मराठी आणि शाळेत-कचेरीत हिंदी चालते, तिथे मुलांना हा शब्द उलगडून सांगावा लागतो, कारण हिंदीत रेगिस्तान वेगळे आणि नदीची रेत वेगळी. आपल्या बोलीत तर 'वाळू' हा पुस्तकातलाच शब्द. आपण रेतीच म्हणतो आणि खाणीला खदान म्हणतो. या लेखातही मी तेच शब्द वापरणार आहे.

सरकारी जमिनीवरच्या लहान खदानींवर वन्यजीवांच्या रक्षणासाठी बंदी असावी की नसावी, हा प्रश्न वनखात्याचा आहे, त्याला दिवाळी अंकात जागा कशाला, असे कोणी विचारील. माझे म्हणणे असे आहे की, असली बंदी वाचताना आपल्याला काय खटकते आणि काय खटकत नाही, हे आपल्या वाचनाने आधीच ठरवून ठेवलेले असते. म्हणून ही चर्चा साहित्याचीही आहे.

बंदीची बाजू पोकळ नाही, हे आधी सांगून टाकतो. आपल्याच राज्याच्या उत्तर टोकाला चंबळ आहे. तिच्या पात्रातल्या वाळवंटात घडियालाची मादी मार्च-एप्रिलात खड्डा करून अंडी घालते आणि पावसाच्या तोंडाशी पिले बाहेर येतात. पाणचिरा हा पक्षीही तिथेच, उघड्या रेतीवर अंडी घालतो. हे महिने नदीत पाणी कमी असण्याचे, म्हणजेच ट्रॅक्टर पात्रात उतरण्याचे. एका फेरीत किती घरटी जातात याचा हिशेब ठेवायला तिथे कोणी उभे नसते. म्हणून राष्ट्रीय चंबळ अभयारण्यात रेतीच्या उपशाला मनाई आहे आणि ती योग्यच आहे. पण नुसती मनाई पुरत नाही, हेही त्याच मुलखाने दाखवले. मार्च २०१२ मध्ये मुरैना जिल्ह्यात दगडाने भरलेला ट्रॅक्टर अडवायला गेलेल्या एका तरुण पोलीस अधिकाऱ्याचा त्याच ट्रॅक्टरखाली जीव गेला. त्या ट्रॅक्टरमागे पैसा होता, बाजार होता. त्याला 'लहान खदान' म्हणणे म्हणजे शब्दाची थट्टा आहे.

आता पन्नाकडे वळू. २००९ साली पन्ना व्याघ्र प्रकल्पात एकही वाघ उरला नसल्याचे मान्य झाले. त्याच साली बांधवगड आणि कान्ह्याहून दोन वाघिणी नेल्या, आणि नोव्हेंबरात जो नर गेला तो आपल्या पेंचचा होता. नव्या जंगलात त्याचे मन रमेना. तो दक्षिणेकडे, घराच्या दिशेने चालू लागला आणि जवळजवळ महिनाभर हत्ती आणि माणसे त्याच्या मागावर होती. डिसेंबरअखेर त्याला पकडून परत नेले. आज पन्नात वाघ आहेत, त्यांतले कितीतरी त्याच्या वंशाचे. ही कथा मी कितीदा ऐकली आणि सांगितली आहे! पेंचचा वाघ म्हणजे आपल्याच गावचा कोणी परदेशी गेला, अशा आपुलकीने आपण ती सांगतो.

त्याच पन्नात दुसरी एक कथा आहे, ती कोणी सांगत नाही. तिथे सरकार उथळ खदानीचा पट्टा देते. आठ मीटर लांब, आठ मीटर रुंद जागा, तिची फी वर्षाला अवघी दोनशे रुपयांच्या घरात. त्या तुकड्यात माणूस कुटुंबासह खणतो, हिरे असलेली खडीमिश्रित माती वर काढतो, पाण्यात धुतो, वाळवतो आणि उन्हात बसून हाताने निवडतो. हिरा सापडलाच तर तो पन्नाच्या हिरा कार्यालयात जमा करायचा. लिलाव झाला की रॉयल्टी आणि कर कापून उरलेले पैसे त्याचे. बहुतेकांना काही सापडत नाही. खणणाऱ्यांत गोंड आहेत, सगळ्या जातींचे भूमिहीन आहेत. वनजमिनीवर असा पट्टा मिळत नाही, आणि जंगलाच्या शेजारची जमीन महसुलाची की वनाची हा वाद निघाला की त्याचा खड्डा बंद होतो. त्याच जिल्ह्यात मझगवां येथे सरकारी कंपनीची यंत्रांची मोठी हिरेखाण आहे, तीही अभयारण्याच्या हद्दीत. २०२१ च्या आरंभी तीही थांबली. परंतु तिच्यासाठी अर्ज झाले, समित्या बसल्या आणि २०२४ मध्ये ती पुन्हा सुरू झाली. आठ मीटरच्या खड्ड्यासाठी समिती बसल्याचे मी ऐकलेले नाही.

म्हणजे लहानांना सूट द्या, असे मी म्हणतो आहे काय? नाही. 'लहान' या शब्दाचा गैरवापर आपल्या देशात भरपूर झाला. पाच हेक्टरांखालच्या गौण खनिजाच्या पट्ट्यांना पर्यावरण मंजुरी लागत नसे, तेव्हा एकाच सलग खदानीचे कागदावर तुकडे पाडून प्रत्येक तुकडा पाचाच्या खाली ठेवायचा धंदा चालला. फेब्रुवारी २०१२ मध्ये दीपक कुमार विरुद्ध हरियाणा या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तो ओळखला आणि लहान पट्ट्यांनाही मंजुरी आवश्यक केली. फार बरे झाले. पण पाच हेक्टर म्हणजे किती, हे एकदा पाहावे. त्यात पन्नाचे आठ-बाय-आठचे सातशे ऐंशी खड्डे बसतात. कागदाला पाच हेक्टरांचा ठेकेदारही लहान आणि चौसष्ट चौरस मीटरवाला गोंडही लहान. कुदळीने किती खणले आणि यंत्राने किती, याचे माप त्या शब्दात कुठेच नाही.

हे माप आपल्याला दिसत नाही, याचा थोडा दोष मी आपल्या वनसाहित्यावर ठेवतो. व्यंकटेश माडगूळकरांचे 'सत्तांतर' घ्या. १९८३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेली ही कादंबरी मला आजही थक्क करते. वानरांच्या टोळ्या, त्यांची हद्द, हद्दीसाठीची मारामारी. भाषा इतकी नेमकी की एक शब्द काढता येऊ नये. पण तिचे रान जवळजवळ निर्मनुष्य आहे. कलाकृती म्हणून ते तिचे बळच आहे, तक्रार तिच्यापाशी नाही. तिच्यानंतर रानाचे हे निर्मनुष्यपण आपल्याकडे रूढी होऊन बसले, तक्रार त्याची आहे. २०२५ मध्ये निवर्तलेले मारुती चितमपल्ली यांनी आयुष्य वनखात्यात घालवले आणि विदर्भाच्या रानाला मराठीत शब्द दिले. त्यांच्याशिवाय आपल्याला निम्मी पाखरे नावाने ओळखता आली नसती. त्यांच्या लिखाणात रानातली माणसे येतात, आणि मोठ्या मानाने येतात. तरी माझ्या वाचनात ती बहुधा जाणकार म्हणून येतात, वाटाडे म्हणून येतात. त्याच माणसाचा पट्टा, त्याचा दंड, त्याची तारीख-पेशी फारशी येत नाही. चितमपल्लींच्या मागून लिहिणाऱ्यांनी तर तो जाणकारही गाळला आणि पहाट, धुके, मोर एवढेच ठेवले. आमच्याकडच्या अंकांत दरवर्षी अशी दोन-तीन ललिते असतात.

उलट उदाहरण हवे तर विश्वास पाटलांची 'झाडाझडती' आहे. धरणाखाली गेलेल्या गावाची ती कादंबरी, १९९२ चा अकादमी पुरस्कार तिला मिळाला. तिच्यात मोजणी आहे, नोटिसा आहेत, कचेरीतले हेलपाटे आहेत, आणि तरी ती कादंबरीच आहे. खदानीवर अशी मराठी कादंबरी माझ्या पाहण्यात नाही. आणि आपण राहतो कुठे? ज्या मँगनीजधारी खडकमालेला भूशास्त्रात सौंसरचे नाव आहे तिच्यावर. फर्मोर नावाच्या भूशास्त्रज्ञाने याच मुलखातल्या एका खडकाला गोंडांवरून 'गोंडाइट' म्हटले. खडकांची नावे जगभरच्या ग्रंथांत गेली, आणि तो खडक फोडणाऱ्याला मराठीत एक धड पात्र होता आले नाही.

गंमत अशी की, असा माणूस मला भेटला तो एका निकालपत्रात. पेंचच्या तोतलाडोह जलाशयात मासे धरायला मध्य प्रदेश शासनाने ३०५ आदिवासी कुटुंबांना परवाने दिले, त्याविरुद्ध वन्यजीवांच्या बाजूने याचिका झाली. ५ मार्च १९९७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. राष्ट्रीय उद्यानाचा इरादा १९८३ मध्ये जाहीर झालेला, पण लोकांचे हक्क ठरवून शेवटची अधिसूचना काढायचे राहूनच गेले होते. न्यायालयाने ते काम लवकर उरकायला सांगितले, मासेमारी एकदम बंद केली नाही आणि अटी घातल्या. परवान्यावर फोटो असावा, ठरल्या वाटेनेच यावे-जावे, काठावर विस्तव पेटवू नये. वाघाचे रक्षण आणि माणसाची चूल, दोन्ही एकाच कागदावर आली. या निकालाने सगळे सुटले असे मी म्हणत नाही. पण ३०५ ही संख्या त्यात आहे. बंदी घालण्यापूर्वी कोणावर घालतो आहोत ते मोजले गेले, आणि पन्नाच्या खड्ड्यांसाठी मला एवढेच हवे आहे.

२०२३ मध्ये पांढुर्णा जिल्हा झाला आणि सौंसर तहसील त्यात आली. खनिजाची कचेरी आता पूर्वीपेक्षा जवळ आहे. कन्हानच्या रेतीच्या ठेक्याचे कागद हिंदीत असतात, ते आपल्याला वाचता येतात. दोन भाषा येण्याचा एवढा तरी उपयोग असावा. आपल्या तरुण लेखकांपैकी कोणाला कथा हवी असेल, तर त्याने पेंचच्या निकालातली ती विस्तवाची अट घ्यावी. पहाटे जाळे टाकून बसलेला माणूस, काठावर पेटवायला मनाई, आणि फडक्यात बांधून आणलेली रात्रीची भाकर.