कुरळ्या केसांची कैफियत

पेडण्याला धाकट्या जाऊबाईंच्या मुलीचं लग्न ठरलं तेव्हा पार्लरवालीनं एक छापील कार्ड पाठवलं होतं. वधूसाठी काय काय करणार त्याची यादी. चेहऱ्यासमोर ‘उजळपणा’, हातांसमोर ‘मेंदी’ आणि केसांसमोर ‘करेक्शन’. पुतणीचे केस कुरळे आहेत, अगदी मुळापासून. मी ते कार्ड दोनदा वाचलं. बी.ए.ला मराठी घेतलं होतं, त्याचा संसारात फारसा उपयोग झाला नाही. पण छापलेलं काहीही हाती आलं की शब्द तपासायची खोड लागली ती लागलीच. करेक्शन चुकलेल्याचं करतात. मग इथे चुकलंय काय?

तर हे त्या कार्डाचं आणि त्याच्या भाऊबंदांचं परीक्षण समजावं. भाऊबंद म्हणजे मेंदीची पाकिटं, शाम्पू-कंडिशनरच्या बाटल्या, पुरवण्यांतले सौंदर्यसल्ले. कवितासंग्रह मोजके लोक वाचतात, तरी त्यांची परीक्षणं येतात. बाटलीवरचा मजकूर मात्र घरोघरी न्हाणीघरात रोज समोर उभा असतो आणि त्याला कुणी जाब विचारत नाही.

आधी भाषेपासून. संस्कृतात कुटिल म्हणजे वाकडं, वळणाचं. बटांना कुटिल म्हटलं की ते कौतुक असायचं. कुंतल म्हणजे केस, आणि कुंतल हे आमच्या शेजारच्या मुलखाचं, उत्तर कर्नाटक आणि दक्षिण महाराष्ट्राचं, जुनं नावही. माझं माहेर बेळगावकडचं, म्हणजे त्याच देशातलं. मराठीत येईपर्यंत कुटिल हा शब्द शकुनीमामाकडे गेला. सरळ माणूस चांगला, वाकडी चाल वाईट. तोच न्याय केसांना. लांबसडक, मऊशार, चापूनचोपून, ही सगळी कौतुकं सरळ केसांची. कुरळ्यांच्या वाट्याला झिपऱ्या, झिंज्या, पिंजारलेलं डोकं. ‘कुरळे’ हा शब्द गोड आहे, पण तो लहान मुलाच्या टाळूपुरता. मुलगी दहा वर्षांची झाली की त्याच कुरळ्यांच्या झिंज्या होतात. गंमत म्हणजे ही बोलणी जिथे खाल्ली जातात तिथेच भिंतीवर राजा रविवर्म्याची लक्ष्मी टांगलेली असते, आणि तिच्या केसांना चांगल्या भरघोस लाटा असतात. तिला कुणी कंगवा दाखवत नाही.

शब्दांवरून एवढं काय बोलायचं, असं कुणाला वाटेल. माझ्या माहेरच्या बाजूला सौंदत्तीची यल्लम्मा आहे. कोरडे, गुंतणारे केस विंचरले नाहीत, तेल-पाणी लागलं नाही, की त्यांची जट होते. एवढंच त्याचं कारण. पण त्या गुंत्याला ‘देवीची जट’ असं नाव मिळालं की कंगवा लावायची हिंमत होत नाही, आणि अशा मुली देवीला सोडल्या जात. कर्नाटकानं त्याविरुद्ध 1982 साली कायदा केला. पुण्याच्या अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या नंदिनी जाधव बायकांच्या जटा कापून त्यांना मोकळं करतात. त्या मुळात पार्लर चालवणाऱ्या. केसांची जाण असलेल्या बाईनं तिचा असाही उपयोग केला, हे मला कितीतरी साहित्यिक सत्कारांपेक्षा मोठं वाटतं. सांगायचं हे की गुंत्याला काय नाव दिलं यावरून एखादीचा जन्म ठरत होता.

आता मेंदीचं पाकीट. या मजकुराचा आवडता शब्द ‘नैसर्गिक’, आणि त्याला लागून ‘काळी’. नैसर्गिक काळी मेंदी! मेंदीच्या पानात लॉसोन नावाचं रंगद्रव्य असतं. ते केसातल्या प्रथिनाला जाऊन चिकटतं आणि रंग देतं तो नारिंगी-तांबूस. निव्वळ मेंदी कधीही काळी होत नाही. लोखंडी कढईत चहाच्या पाण्यात भिजवली की थोडी गडद होते, तेवढीच. पाकिटातून कुळकुळीत काळा रंग तासाभरात येत असेल तर तो बहुतेक वेळा पीपीडी या रसायनाचा असतो. ते मागच्या बाजूला मुंगीच्या अक्षरांत लिहिलेलं असतं, आणि त्याच्याही खाली, वापरण्याआधी 48 तास थोड्या कातडीवर लावून बघा, असं. समोर मोठ्या अक्षरांत पानांचं चित्र. मुख्य विधान एक आणि तळटीप त्याच्या उलट, अशा प्रबंधाला कुठल्याही गाइडनं परत पाठवलं असतं.

पुतणीनं असलंच एक पाकीट लग्नाच्या तीन आठवडे आधी लावलं. रात्री कानशिलं सुजली, सकाळी डोळे उघडेनात, टाळूवर फोड. डॉक्टर म्हणाले, आधी कधी काळी मेंदी लावली होती का? तिला आठवलं, कॉलेजात असताना मैत्रिणींबरोबर समुद्रावर गेली होती तेव्हा हातावर काळ्या मेंदीचा विंचू काढून घेतला होता. तो थोडा खाजला होता, बस. पण शरीरानं ते लक्षात ठेवलं. पीपीडीची अशी ओळख एकदा झाली की सहसा जन्मभर पुसली जात नाही. आता तिला केसांचे बहुतेक काळे रंग कायमचे बंद. ‘काकू, त्यावर पानांचं चित्र होतं हो,’ एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती.

साध्या, खऱ्या मेंदीबद्दलही पाकीट अर्धंच बोलतं. ‘केसांना पोषण व ओलावा देते.’ पोषण सोडून द्या, केस मेलेलाच असतो, तो जेवत नाही. ओलाव्याचं म्हणाल तर उलट. मेंदी केसावर थर देते, बळ आल्यासारखं वाटतं, चमक येते. पण केस कोरडा होतो, आणि वरचेवर लावली तर पुष्कळांच्या केसांचं वळण ढिलं पडतं. सरळ केसांना हे चालून जातं. कुरळ्यांना नाही, कारण ते मुळातच कोरडे. टाळूचं तेल सरळ केसावरून घसरत टोकापर्यंत जातं. कुरळ्या केसाला घाटरस्त्यासारखी वळणं, तेल पहिल्या दोन वळणांतच थांबतं. म्हणून कुरळ्या केसांना मेंदी लावायचीच तर महिन्या-दोन महिन्यांतून एकदा, त्यात जास्वंदाची पानं वाटून त्यांचा बुळबुळीत रस, आणि धुतल्यावर ओल्या केसांनाच दोन थेंब खोबरेल. 2003 साली मुंबईच्या दोन संशोधकांनी दाखवलं की केसातलं प्रथिन धुपायचं थांबवण्यात खोबरेल तेल हे सूर्यफुलाच्या आणि खनिज तेलाच्या पुढे आहे. ते संशोधक खोबरेल विकणाऱ्या कंपनीतलेच होते, हेही सांगून टाकते. पण आजीच्या बाजूनं कुणीतरी प्रयोग केला, याचा आनंद झालाच.

नंतर आल्या ओलाव्याच्या बाटल्या. यांची भाषा गुळगुळीत. ‘टेम’, ‘कंट्रोल’, ‘डिसिप्लिन’. केस म्हणजे जणू सर्कशीतलं जनावर. या भाषेविरुद्ध ठणकावून लिहिलं ते लॉरेन मॅसी या न्यूयॉर्कच्या केशकर्तनकार बाईंनी, ‘कर्ली गर्ल’ या 2001 सालच्या पुस्तकात. कडक फेसाचे शाम्पू सोडा, कोरडे केस विंचरू नका, कुरळ्यांना कुरळं राहू द्या. हे म्हणणं मला पटलं. आज आपल्या मुली मोबाईलवर जे शिकतात त्याचं मूळ पुष्कळसं तिथे आहे. पण टीका करायची ती इथे: पद्धत न्यूयॉर्कहून आली, हवा नाही आली. आमच्याकडे डोक्याला चांगलं अर्धी वाटी तेल थापतात. ते नुसत्या कंडिशनरनं निघत नाही, त्याला शिकेकाई नाहीतर सौम्य शाम्पू लागतोच. आणि ग्लिसरीन! बहुतेक सगळ्या ओलाव्याच्या मलमांत ते असतं. ते पाणी ओढून धरतं, हाच त्याचा गुण. बेताच्या हवेत ठीक. पण जुलैत डिचोलीला पापड तळेपर्यंत सादळतो, तिथे ग्लिसरीन लावलेल्या केसानं हवेतलं पाणी ओढायला सुरुवात केली की डोकं दुपारपर्यंत कापसाच्या बोंडासारखं. मग मुली म्हणतात, माझेच केस वाईट. केस वाईट नाहीत गं, बाटलीनं तुझं गाव विचारलं नाही! पावसाळ्यात ग्लिसरीन आणि मध कमी, जवसाच्या चिकाचं किंवा जास्वंदाच्या रसाचं बोट, उन्हाळ्यात मलम. एवढं कुठल्याही बाटलीवर लिहिलेलं मी वाचलं नाही.

आम्हा जैन बायकांना या वाङ्मयाची आणखी एक अडचण. पुरवणीतला सल्ला सुरूच होतो: मेंदीत एक अंडं फोडून घाला. पान उलटलं. मग मध. तोही नको. केराटिन बहुधा लोकरीतून, पिसांतून, खुरा-शिंगांतून काढतात. ‘सिल्क प्रोटीन’ म्हणजे कोशातला किडा आलाच. दह्यात रात्रभर भिजवलेली मेंदी माझ्या सासूबाईंना चालत नसे. रात्रभरात त्यात किती जीव पडतील, म्हणत. पहाटे लिंबू घालून भिजवायची आणि दुपारी लावायची. रंगाचं काही बिघडत नसे. हल्ली बाटलीवर हिरवा ठिपका असतो, बरं वाटतं. पण ठिपक्यालाही सगळं कळत नाही. आमच्या घरात एक कांद्याच्या तेलाची बाटली आली आहे, हिरव्या ठिपक्याची. जो कांदा स्वयंपाकघरात येत नाही तो डोक्यावर चालेल का, यावर आमच्याकडे दोन पक्ष आहेत. बाटली अजून फडताळात, न फोडलेली.

याहून अवघड प्रश्न मला माहेरी एका नात्यातल्या आत्याबाईंनी विचारला. ‘आर्यिका केस उपटून टाकतात, आणि तू जास्वंद काय वाटत बसतेस?’ लहानपणी मी केशलोच पाहिला आहे. हाताला राख लावून मुनिमहाराज मूठ-मूठ केस उपटत होते, चेहऱ्यावर काही नाही, आणि समोरच्या बायका रडत होत्या. ते दृश्य आठवलं की आरशासमोर लाज वाटते, खोटं कशाला बोलू. पण त्याच परंपरेनं काय कोरून ठेवलंय तेही बघावं. श्रवणबेळगोळचा बाहुबली दहाव्या शतकातला, 57 फुटांचा. राज्य सोडलं, वस्त्रं सोडली, पायाशी वारुळं झाली, अंगावर वेली चढल्या. आणि मस्तकावर शिल्पकारानं एकेक कुरळं वळण मोजून बसवलंय, ओळीनं, घोटून. तिथल्या पायाशी कोरलेला मराठी लेख शाळेत आम्हांला शिकवला, मराठीतला पहिला म्हणून. पायाशी काय लिहिलंय ते आम्ही पाठ केलं, डोक्याकडे बघायला कुणी सांगितलं नाही. उजवीकडे वळलेले कुरळे केस आपल्याकडे महापुरुषाचं लक्षण मानले आहेत. ऋषभदेवांची मूर्ती तर खांद्यावर उतरलेल्या बटांवरूनच ओळखतात.

मला आत्याबाईंना उत्तर सुचलं ते फार उशिरा, कदंबा बसमध्ये. त्याग करायचा तर तो आपल्या वस्तूचा. ज्या केसांची लाज वाटायला शिकवलं, जे इस्त्री करून लपवले, ते उपटले काय आणि ठेवले काय. त्यात सोडलं कुठे काही? मुनी सोडतात ते केस ‘चुकीचे’ म्हणून सोडत नाहीत. पार्लरच्या कार्डावर आणि केशलोचात मला हा एवढा फरक दिसतो. आत्याबाईंना अजून सांगितलेलं नाही. त्यांचं वय झालंय, आणि केस अजून माझ्यापेक्षा दाट आहेत.

पुतणीची सूज आठ-दहा दिवसांत उतरली. केस सरळ करायचं औषध लावायला डॉक्टरांनी मनाई केली, त्यामुळे करेक्शन आपोआप रद्द झालं. लग्नात अंबाडा घातला, त्यावर अबोलीचा वळेसर, आणि कानाजवळच्या बटा सुटायच्या तिथे सुटल्या. अल्बम करताना फोटोवाल्यानं विचारलं, ‘बाजूचे उडणारे केस कॉम्प्युटरवर पुसू का?’ ती म्हणाली, असू देत. तिच्या सासूबाईंनी एक प्रत पुसून घेतली.