वेरूळचा मृत्तिकालेप व भांगेचा पुरावा

छत्रपति संभाजीनगर (पूर्वीचें औरंगाबाद) येथें पुरातत्त्व खात्याच्या विज्ञान शाखेंत राहून श्री. मॅनेजर राजदेव सिंह यांनीं अजिंठा-वेरूळच्या भित्तिलेपांचा अभ्यास केला. त्यांतील २०१६ सालचा निबंध विशेष विचारणीय आहे. तेथील विद्यापीठांतील वनस्पतिशास्त्रज्ञ श्री. मिलिंद सरदेसाई यांच्या सहकार्यानें त्यांनीं वेरूळच्या १२ व्या लेण्यांतील मातीच्या लेपांत भांगेचे अवशेष ओळखले. सूक्ष्मदर्शकाखालीं ते जालना जिल्ह्यांतील व दिल्लीनजीकच्या ताज्या भांगेशीं ताडून पाहिले आहेत. पोथ्यांचे पाठ ताडणाऱ्यांस या भागांत बोट ठेवण्यास जागा सांपडणार नाहीं.

परंतु भांगेनें कीटक दूर ठेविले म्हणून वेरूळचा लेप टिकला, आणि ती नसल्यानें अजिंठ्याचा पोखरला गेला, हें अनुमान आमच्या मतें घाईचें आहे. वेरूळास तरी रंगकाम कितीसें उरलें आहे? कैलासांत कांहीं, इंद्रसभेच्या छतावर कांहीं. अजिंठ्याचा चित्रसंभार याहून कितीतरी मोठा आहे. केवळ कीटकच लेपाचे शत्रु नव्हेत. ओल आहे, धूर आहे, वटवाघळें आहेत. पोथ्यांच्या बस्त्यांत वेखंडाऐवजीं भांग घालावयास निघालेल्या संग्राहकांनीं म्हणून तूर्त थांबावें. एकाच डोंगरांतील भांगयुक्त व भांगविरहित लेप शेजारीं ठेवून तपासले, तरच या मताचा निकाल लागेल.