'कच्चा लिंबू' : न मोजलेल्या खेळाडूचे घर

प्रास्ताविक :
बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलाचे कौटुंबिक जीवन हा विषय मराठीत जयवंत दळवी यांनी 'नातीगोती' हे नाटक व 'ऋणानुबंध' ही कादंबरी यांतून हाताळला. 'ऋणानुबंध'वर आधारित, प्रसाद ओक दिग्दर्शित 'कच्चा लिंबू' हा चित्रपट २०१७ साली प्रदर्शित झाला आणि त्यास सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार लाभला. या कलाकृतीकडे बहुधा आईवडिलांच्या सोशिकतेची शोककथा म्हणून पाहिले जाते. प्रस्तुत लेखात शीर्षकाच्या आधारे तिचे वेगळे वाचन करण्याचा प्रयत्न केला आहे.

शीर्षकाचा अर्थ :
मुलांच्या खेळात 'कच्चा लिंबू' म्हणजे लहान वा दुबळा गडी. त्याला खेळात घेतले जाते, परंतु तो बाद धरला जात नाही. या रूपकाला दोन बाजू आहेत. त्याला सामावून घेतले जाते, ही एक बाजू; त्याला मोजले जात नाही, ही दुसरी. मात्र कच्च्या लिंबाला खेळवण्यासाठी बाकीचे गडी पुरेसे असावे लागतात, ही अट सहसा लक्षात घेतली जात नाही.

काटदरे कुटुंबात असे गडी दोनच आहेत. मुंबईतील लहानशा घरात वडील रात्रपाळी करतात आणि आई दिवसा कार्यालयात जाते. वयात आलेल्या बच्चूजवळ सतत कोणीतरी असावे, म्हणून पतिपत्नींनी आपले सहजीवनच पाळ्यांमध्ये वाटून घेतले आहे. बच्चूच्या अजाण शारीरिक जाणिवांनी आईची होणारी कोंडी किंवा कार्यालयातील वरिष्ठांविषयी तिला वाटू लागणारा जिव्हाळा यांचा निवाडा केवळ नीतीच्या कसोटीवर करता येत नाही. या शोकात्मतेचे मूळ मुलाच्या अक्षमतेइतकेच मनुष्यबळाच्या अभावात आहे. बहुतांशी कृष्णधवल असलेले चित्रण हीच कोंडी गडद करते.

मर्यादा :
तथापि, कथन स्वतःही बच्चूला कच्चा लिंबूच मानते. आई व वडील यांच्या मनाचे पदर उलगडतात. बच्चूला काय आवडते, त्याला घर कसे दिसते, हे जवळजवळ कळतच नाही. तो प्रश्न म्हणून उरतो, व्यक्ती म्हणून घडत नाही. सहानुभूती पूर्णपणे पालकांच्या वाट्याला जाते, ही या कलाकृतीची महत्त्वाची उणीव होय.

स्थानिक संदर्भ :
कर्जत तालुक्यातील कडावसारख्या गावातून पाहिले असता हे वाचन अधिक अर्थपूर्ण होते. पडवी आणि अंगण असलेल्या घरात असे मूल बाहेर बसते व येणारा-जाणारा त्याला हाक मारतो. त्याच अंगणात 'मागल्या जन्मीचे भोग' अशी कुजबुजही चालते, म्हणून जुन्या व्यवस्थेचे उदात्तीकरण करण्याचे कारण नाही. परंतु आता शेतजमिनींवर फार्महाऊस उभी राहत आहेत आणि घरातील कर्ते माणूस पहाटेची लोकल गाठत आहे. काटदऱ्यांचे घर असे मुंबईहून कडावपर्यंत येऊन पोहोचले आहे.

'आमच्यानंतर याचे कोण?' या पालकांच्या प्रश्नाला १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने पालकत्वाची तरतूद करून एक उत्तर दिले. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने दिव्यांगत्वाचे प्रकार सातवरून एकवीस केले आणि हक्कांची भाषा आणली. परंतु पालक नेमणारी स्थानिक समिती जिल्हा पातळीवरील. कडावच्या मजूर आईला त्यासाठी अलिबागपर्यंत जायचे तर रोजगार बुडवावा लागतो आणि मुलाजवळ कोणाला बसवावे हा मूळ प्रश्न तसाच उरतो. बदलापूरची 'आधार' ही पालकांच्या पुढाकारातून उभी राहिलेली निवासी संस्था येथे उल्लेखनीय ठरते. कारण तेथे गड्यांची संख्या वाढवण्याचा मार्ग पालकांनीच शोधला.

निष्कर्ष :
'कच्चा लिंबू' पालकांचा एकाकीपणा प्रत्ययकारीपणे मांडतो, परंतु मुलाला डाव देत नाही. वर्गात ही कलाकृती शिकवताना करुणेवर थांबणे सोपे असते. समोरच्या बाकांवर अशा मुलाची बहीण किंवा भाऊ बसलेला असू शकतो, हे ध्यानात ठेवले तर अध्यापकाला दोन प्रश्न टाळता येत नाहीत : या खेळात आणखी कोण उतरणार, आणि बच्चूची पाळी केव्हा येणार?