पन्हाळेकाजीची लेणी आणि कोकणचा भूगोल : एक पुनर्विचार

कोकणच्या मध्ययुगीन इतिहासावर लिहिताना दोन विधाने वारंवार केली जातात. सह्याद्री आणि अरबी समुद्र यांच्यामध्ये सापडलेली ही चिंचोळी पट्टी देशापासून तुटलेली राहिली, हे पहिले. बौद्ध लेणी व्यापारावर जगली आणि व्यापार आटताच ओस पडली, हे दुसरे. दोन्ही विधानांत भूगोल व त्यावर आधारलेला व्यापार यांनाच इतिहासाचा कर्ता ठरविले आहे. रत्नागिरी जिल्ह्याच्या दापोली तालुक्यातील पन्हाळेकाजीची लेणी समोर ठेवून ही विधाने तपासावीत, एवढाच आमचा हेतू आहे.

कोटजाई नदीच्या काठी असलेला हा एकोणतीस लेण्यांचा समूह विद्वानांच्या दृष्टीस उशिराच आला. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाचे माजी महासंचालक म. न. देशपांडे यांनी त्याचा सविस्तर अभ्यास केला आणि १९८६ साली त्यावरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ याच विभागाने प्रसिद्ध केला. इसवी सनाच्या तिसऱ्या शतकापासून चौदाव्या शतकापर्यंत हीनयान, तांत्रिक वज्रयान आणि नाथसंप्रदाय असे येथे झालेले संक्रमण त्यांनी मूर्ती व शिल्पपट यांच्या आधारे उलगडून दाखविले. अक्षोभ्य आणि महाचंडरोषण यांच्या मूर्तींमुळे पश्चिम किनाऱ्यावरील वज्रयानाचा भक्कम पुरावा हाती आला, हे या ग्रंथाचे ऋण प्रत्येक अभ्यासकाने मानले पाहिजे. मात्र ग्रंथाची दृष्टी कलेतिहासाची आहे. लेण्यांत काय घडले ते तो सांगतो. लेण्यांभोवतीच्या खोऱ्याकडे पाहण्याचे काम आपल्यावर सोपवितो.

त्या खोऱ्याकडे पाहू लागताच पहिले विधान डळमळते. कोकणात उत्तर-दक्षिण प्रवास खुष्कीने करणे अवघड, कारण दर काही कोसांवर खाडी आडवी येते आणि तरीवाचून पलीकडे जाता येत नाही. पूर्व-पश्चिम प्रवास मात्र तितका अवघड नाही. भरतीच्या पाण्याबरोबर गलबते खाडीतून आत येतात. जेथे भरतीचा जोर संपतो तेथे माल उतरतो आणि तेथून घाटवाट धरतो. वाशिष्ठीच्या मुखाशी दाभोळ, भरतीच्या टोकाशी चिपळूण, पुढे कुंभार्ली घाट आणि घाटमाथ्यापलीकडे कऱ्हाड, ही साखळी अशीच तयार झाली. कऱ्हाडजवळ आगाशिवच्या डोंगरात बौद्ध लेणी आहेत आणि कोटजाईचे पाणीही अखेर दाभोळच्या खाडीसच मिळते. तेव्हा पन्हाळेकाजी हे आडरानातले एकाकी स्थान नव्हते; एका वाहत्या मार्गाच्या बाजूस, पण बंदराच्या गजबजाटापासून दूर असे ते स्थान होते. कोकणचे तुकडे पाडले ते खाड्यांनी. सह्याद्रीने ते देशापासून तोडले, असे म्हणणे आम्हाला पटत नाही.

स्थळाची निवडही बोलकी आहे. वरचा सडा जांभ्याचा. पावसाळ्यात तो न्हाऊन निघतो आणि उन्हाळ्यात कोरडा पडतो. खाली दरीत नदी, भाताची खाचरे आणि कोरण्याजोगा काळा खडक. वर्षावासासाठी निवारा, बारमाही पाण्याची जवळीक आणि भिक्षेसाठी वस्ती या भिक्षुसंघाच्या तिन्ही गरजा येथे भागू शकत होत्या. याच सोयी पुढे वज्रयानी साधकांना आणि त्यानंतर नाथयोग्यांनाही उपयोगी पडल्या. स्थळ तेच राहिले, उपासक बदलले.

येथेच दुसरे विधान कसाला लागते. व्यापार आटल्यामुळे बौद्ध धर्म लोपला असेल, तर तो लोपला त्या सुमारास या किनाऱ्याचा व्यापारही थंडावलेला दिसला पाहिजे. तसे दिसत नाही. दहाव्या शतकाच्या आरंभी अल् मसूदी या अरब प्रवाशाने चौलला भेट दिली, तेव्हा तेथे परदेशी व्यापाऱ्यांची मोठी वस्ती होती. दाभोळची खरी भरभराट तर बहमनी काळातली. पंधराव्या शतकात अफानासी निकितिन हा रशियन व्यापारी परतीच्या प्रवासासाठी याच बंदरातून होर्मुझकडे निघाला. १५०८ च्या डिसेंबरात पोर्तुगीज सरदार आल्मेदाने दाभोळ जाळले, तेही त्याच्या वैभवाची साक्षच देते. म्हणजे खाडी वाहती होती, घाट चालू होता, बंदर गजबजलेले होते. तरीही पन्हाळेकाजीत बुद्धमूर्तीपुढे दिवा लावणारे कोणी उरले नव्हते.

मग बदलले ते काय? पन्हाळे येथे मिळालेला इ. स. ११३९ चा शिलाहार ताम्रपट येथे महत्त्वाचा ठरतो. राजपुत्र विक्रमादित्याच्या या शासनात या स्थळाचे ‘प्रणालक’ हे प्राचीन नाव आढळते, आणि हे शासन एका विद्वान ब्राह्मणास दिलेल्या ग्रामदानाचे आहे. पूर्वीच्या लेण्यांतील दानलेखांत व्यापारी, गृहस्थ, भिक्षुणी असे नाना दाते भेटतात. येथे दान देणारा राजकुलातला आहे आणि दान आहे ते जमिनीचे. एका ताम्रपटावरून सबंध युगाचा निर्णय करू नये, हे आम्ही जाणतो. शिवाय शिलाहारांच्याच राज्यात, नवव्या शतकात, गौड देशाहून आलेल्या अविघ्नाकर नावाच्या उपासकाने कान्हेरीच्या संघास दान दिल्याचा लेख आहे. राजसत्ता बौद्धविरोधी होती असा सरसकट निष्कर्ष त्यामुळे काढता येत नाही. परंतु संपत्तीचा ओघ कोणाच्या हातून कोणाकडे जातो, हा प्रश्न संपत्ती आहे की नाही या प्रश्नाहून वेगळा आहे, एवढे यावरून निश्चित होते.

आमच्या मते भूगोलाने वाट दिली, पाणी दिले, खडक दिला. त्या वाटेने कोण येणार आणि त्या खडकात कोणाची मूर्ती कोरली जाणार, हे माणसांनी ठरविले. बौद्ध धर्माच्या ऱ्हासाचे खापर निसर्गावर फोडले, की दाते, सत्ताधारी आणि स्वतः संघ या साऱ्यांचीच जबाबदारी विसरली जाते. म्हणून यापुढील अभ्यासकांनी मूर्तींबरोबर कोटजाईच्या खोऱ्यातील जुन्या पाऊलवाटा, तरीच्या जागा, पाणवठे आणि गावठाणे यांचीही नोंद करावी. लेणी खडकात आहेत, ती आणखी काही शतके टिकतील. पाऊलवाटा मात्र एका पिढीत बुजतात.