दुर्बोधता, संशय आणि सहृदय : ‘अपस्ट्रीम कलर’च्या ग्रहणाविषयी

१

विज्ञानकथात्म चित्रपटाने प्रेक्षकांत दुफळी माजवावी, ह्यात नवे असे काही नाही. स्टॅन्ली कुब्रिकचा ‘२००१ : अ स्पेस ओडिसी’ १९६८ साली प्रदर्शित झाला, तेव्हा सुरुवातीच्या खेळांनंतर दिग्दर्शकाने सुमारे १९ मिनिटांचा भाग स्वतःच कापून टाकला. पुढच्याच वर्षी पॉलीन केल ह्या समीक्षिकेने कल्पनाशक्तीचा अभाव हाच ह्या चित्रपटाचा प्रमुख दोष असल्याचे प्रतिपादन केले. आंद्रेई तार्कोव्हस्कीचा ‘सोलारिस’ (१९७२) तर मूळ कादंबरीकार स्तानिस्लाव लेम ह्यांनाच रुचला नाही. मराठी वाचकाला अशा प्रसंगी मर्ढेकरांच्या कवितेभोवती उठलेले दुर्बोधतेचे वादळ आठवणे स्वाभाविक आहे. अशा वादांत दोन्ही पक्षांची भूमिका बहुधा ठरलेली असते. एक पक्ष कलाकृतीत अर्थच नाही असे म्हणतो, तर दुसरा पक्ष अर्थ आहे, पण तो कळण्याची पात्रता विरोधकांपाशी नाही असे सुचवतो. ह्यांतील दुसरे विधान पहिल्याइतकेच सवंग असू शकते, हे सहसा लक्षात घेतले जात नाही.

शेन करूथ ह्या अमेरिकन दिग्दर्शकाच्या ‘अपस्ट्रीम कलर’ (२०१३) ह्या चित्रपटाच्या ग्रहणाचा विचार ह्या संदर्भात उद्बोधक ठरतो. गणिताचे शिक्षण घेतलेल्या आणि काही काळ अभियंता म्हणून काम केलेल्या करूथचा पहिला चित्रपट ‘प्रायमर’ हा केवळ सुमारे ७,००० डॉलर खर्चून तयार झाला आणि २००४ च्या सनडान्स महोत्सवात त्याला परीक्षकांचे सर्वोच्च पारितोषिक मिळाले. कालप्रवासाचे यंत्र योगायोगाने हाती लागलेल्या दोन तंत्रज्ञांची ती कथा होती. तिच्यातील काळाचे पदर इतके गुंतागुंतीचे होते, की प्रेक्षकांनी त्यांचे आलेख काढले. नऊ वर्षांनी आलेला ‘अपस्ट्रीम कलर’ हा चित्रपट करूथने लिहिला, दिग्दर्शित केला आणि चित्रित केला. संगीतही त्यानेच दिले, त्यात प्रमुख भूमिका केली आणि त्याचे वितरणही स्वतःच केले. सनडान्समध्ये त्याच्या ध्वनिसंयोजनाला विशेष पारितोषिक मिळाले. ‘प्रायमर’ने घडवलेले अपेक्षाक्षितिज घेऊन जो प्रेक्षक ह्या दुसऱ्या चित्रपटाकडे वळला, त्याच्या हाती मात्र आलेख काढण्यासारखे फारसे काही लागले नाही. दुफळीची सुरुवात येथून होते.

२

चित्रपटाचे कथानक सांगता येत नाही, हा त्याच्याविषयीचा पहिला गैरसमज होय. ते सांगता येते. काही वनस्पतींच्या मुळांशी सापडणाऱ्या अळीत माणसाची इच्छाशक्ती हिरावून घेण्याचा गुण असतो. एक चोर ती अळी क्रिस नावाच्या तरुणीला बळजबरीने गिळायला लावतो, संमोहित अवस्थेत तिच्याकडून थोरोच्या ‘वॉल्डन’ (१८५४) ह्या ग्रंथाची पाने उतरवून घेतो, त्या कागदांच्या साखळ्या करायला लावतो आणि तिची सारी मालमत्ता लुबाडतो. त्यानंतर नमुने गोळा करणारा एक वराहपालक (श्रेयनामावलीत त्याचा उल्लेख केवळ ‘सॅम्प्लर’ असा आहे) जमिनीला टेकवलेल्या ध्वनिवर्धकांतून मंद्र ध्वनी सोडून क्रिसला आकृष्ट करतो आणि तिच्या शरीरातील कृमी एका डुकरिणीच्या शरीरात संक्रमित करतो. क्रिसला ह्यातले काहीच आठवत नाही. तिचे घर, पैसा आणि नोकरी गेलेली असते एवढेच तिला कळते. पुढे आगगाडीत तिला जेफ भेटतो. त्याच्या भूतकाळातही तसाच एक खड्डा आहे. दोघांच्या आठवणी हळूहळू एकमेकींत मिसळू लागतात आणि बालपणीची अमुक आठवण कोणाची, ह्यावर त्यांचे भांडण होते. दूरच्या शेतावर त्या डुकरिणीला पिले होतात. सॅम्प्लर ती पोत्यात घालून नदीत फेकतो. कुजणाऱ्या देहांतून निळे द्रव्य पाण्यात उतरते, काठच्या पांढऱ्या ऑर्किडांना निळा रंग चढतो, ती फुले विकली जातात आणि चोराच्या हाती पुन्हा अळ्या येतात. अशा रीतीने वर्तुळ पूर्ण होते.

म्हणजे कार्यकारणाची साखळी येथे पूर्णपणे दाखवलेली आहे. फक्त ती कोणी सांगत नाही. प्रयोगशाळा नाही, शास्त्रज्ञ नाही, त्या जीवाला नाव नाही. शेवटच्या भागात संवादही जवळजवळ नाहीत. डार्को सुविन ह्यांनी १९७९ साली विज्ञानकथेची मीमांसा करताना ह्या प्रकारातील नव्या कल्पित घटकाला बुद्धीची मान्यता मिळाली पाहिजे, असा आग्रह धरला होता. प्रस्तुत चित्रपटातील नवा घटक सुसंगत आहे, पण स्वतःचे समर्थन करण्याचे तो नाकारतो.

ह्या नकाराला प्रेक्षकांनी दिलेले प्रतिसाद स्थूलमानाने तीन प्रकारचे दिसतात. पहिला प्रेक्षक उकल करतो. अळीचे जीवनचक्र जुळवले, की चित्रपट संपला असे तो मानतो. दुसरा शरण जातो. अर्थाचा प्रश्नच गौण असून प्रतिमा, ध्वनी आणि लय ह्यांत विरघळून जावे, अशी त्याची भूमिका असते. तिसरा प्रेक्षक चित्रपट नाकारतो. दिग्दर्शकाने सांगण्याजोगे ते दडवून गूढतेचा आव आणला, असे त्याचे म्हणणे. पहिले दोघे एकमेकांशी वाद घालतात आणि तिसऱ्याला अरसिक ठरवताना मात्र एकत्र येतात.

३

ह्या स्थितीचे स्पष्टीकरण वोल्फगांग इझर ह्यांच्या ‘रिक्त जागां’च्या संकल्पनेने करण्याचा मोह होतो. संहितेत रिक्त जागा असतात आणि वाचक त्या भरतो. त्या भरण्यातील भिन्नतेमुळे प्रतिसाद भिन्न होतात, इतके म्हटले की काम भागते. परंतु ‘अपस्ट्रीम कलर’मध्ये कथेच्या पातळीवर रिक्त जागा कमीच आहेत, हे वर दाखवले आहे. गोंधळ निर्माण होतो तो माहितीच्या अभावामुळे नव्हे. येथे अभिनवगुप्ताची रसविघ्नांची मीमांसा अधिक उपयोगी पडते.

‘अभिनवभारती’त सात रसविघ्ने सांगितली आहेत. त्यांपैकी संभावनाविरह, प्रतीत्युपायांचे वैकल्य, स्फुटत्वाचा अभाव आणि संशययोग ही चार ह्या चित्रपटाविषयीच्या तक्रारींशी आश्चर्यकारक रीतीने जुळतात. जे घडते ते संभाव्यच वाटत नाही, ही संभावनाविरहाची तक्रार. समजून घेण्याची साधने अपुरी आहेत, जे आहे ते स्फुट नाही, ह्या पुढच्या दोन. सर्वांत महत्त्वाचे विघ्न मात्र शेवटचे, म्हणजे संशययोगाचे. विभाव, अनुभाव आणि व्यभिचारी भाव हे सुटेपणी अनिश्चित असतात, असे अभिनवगुप्त म्हणतो. वाघ दिसला तर भय वाटेल किंवा क्रोधही येईल; डोळ्यांतले पाणी आनंदाचे असेल किंवा नेत्ररोगाचेही असेल. तिन्हींचा संयोग झाला, म्हणजे संशय फिटतो.

आता पिलांना नदीत फेकण्याचा प्रसंग पाहावा. शेतावर सॅम्प्लर पोते बांधतो. त्याच वेळी शहरात क्रिस सैरभैर होते, काहीतरी हरवल्यासारखी शोधू लागते, अखेर ती आणि जेफ अज्ञात संकटाच्या भीतीने घरात दडून बसतात. अनुभाव शहरात, विभाव शेतावर. क्रिसच्या दृष्टीने ह्या दोहोंचा संयोग कधीच होत नाही. आपण का घाबरलो, हे तिला ठाऊक नाही. संयोग होतो तो संकलनात, आणि म्हणून केवळ प्रेक्षकाच्या प्रतीतीत. संशय पात्रांच्या ठिकाणी राहतो आणि तो फेडण्याची सामग्री प्रेक्षकाच्या हाती असते. रूढ रहस्यपटात पात्राला जे ठाऊक असते, ते प्रेक्षकापासून लपवले जाते. येथे नेमके उलट आहे. असे असूनही प्रेक्षक गोंधळतो, ह्याचे कारण तो क्रिसच्या बाजूने पाहत असतो आणि तिचे अज्ञान नकळत आपलेसे करतो. साधारणीकरणाची प्रक्रिया येथे यशस्वी होते, आणि तिच्या यशालाच तो आकलनातील अपयश समजतो.

म्हणून उकल करणाऱ्या प्रेक्षकाचे निदान अपुरे ठरते. जीवनचक्राचा आलेख अचूक काढला, तरी क्रिसच्या दुःखाचे काय करायचे हा प्रश्न उरतो. आपल्याला मूल होणार आहे अशी तिची खात्री असते. डॉक्टर तिला सांगतात, की तिच्यावर कर्करोगाची शस्त्रक्रिया झालेली असून तिला मूल होणेच शक्य नाही. गरोदर असते ती डुकरीण. कारण कळले तरी येथील शोक कमी होत नाही. शरण जाणाऱ्या प्रेक्षकाचीही अडचण येथेच आहे. हा शोक केवळ लयीचा भाग मानला, तर तो कोणाचा आणि कशामुळे हा प्रश्न विचारण्याची गरजच उरत नाही. मर्ढेकरांच्या परिभाषेत संवाद, विरोध आणि समतोल ह्या लयींनी ह्या चित्रपटाचे विश्लेषण फार चांगले करता येईल; पण तेवढ्यावर थांबल्यास निळा रंग हा प्रेतांतून आलेला आहे, ह्याचा विसर पडतो.

४

ह्या वादात चित्रपट स्वतः तटस्थ नाही. वाचनाची दोन रूपे त्याने आपल्या पोटात सामावून घेतली आहेत. चोराच्या हुकमावरून क्रिस ‘वॉल्डन’ अक्षरशः उतरवते. तिच्या हातून प्रत्येक शब्द जातो आणि एकही तिचा होत नाही. स्वावलंबनाचा पुरस्कार करणारा ग्रंथ येथे गुलामगिरीचे साधन होतो, ही विसंगती बोचरी आहे. उत्तरार्धात क्रिस जलतरण तलावाच्या तळाशी जाऊन दगड वेचते आणि वर येताना त्याच ग्रंथातील वाक्ये पुटपुटते. जेफ ग्रंथ उघडून ती वाक्ये पडताळतो. आज्ञेने गिरवलेले शब्द आता तिच्या हरवलेल्या काळाचे धागेदोरे बनतात. अखेरीस ‘वॉल्डन’च्या प्रती इतर बळींना पाठवल्या जातात आणि ते सारे त्या शेतावर एकत्र येतात. एकच संहिता, दोन वाचने. फरक संहितेत नसून वाचणाऱ्याच्या स्वातंत्र्यात आहे.

ग्रंथाची निवडही सहज केलेली दिसत नाही. वॉल्डन तळ्याचा बर्फ जहाजांतून मद्रास, मुंबई आणि कलकत्त्यास जातो, ह्या वास्तव व्यापारावरून थोरो ज्या प्रकरणात तळ्याचे पाणी गंगेच्या पाण्यात मिसळल्याची कल्पना करतो, तेथेच त्याने आपल्या भगवद्गीतेच्या वाचनाचाही उल्लेख केला आहे. पाण्याच्या प्रवाहाने दूरदूरचे जीव एकमेकांशी बांधले जातात, ही थोरोची उल्हसित प्रतिमा करूथने उलटी केली आहे. त्याच्या नदीतून वाहत येते ते एकाच्या शरीरातून दुसऱ्याच्या शरीरात संक्रमित होणारे विष. परस्परसंबंध म्हणजे आपोआप मुक्ती, ह्या भोळ्या समजुतीला त्यामुळे तडा जातो.

वाचनाचे तिसरे रूप सॅम्प्लरचे आहे. तो डुकरांच्या सान्निध्यात उभा राहतो आणि त्यांच्याशी जोडलेल्या माणसांची आयुष्ये अदृश्यपणे न्याहाळतो; निसर्गातले, वस्तूंचे ध्वनी टिपून त्यांचे संगीत करतो. दुसऱ्याच्या दुःखाशेजारी उभे राहायचे, त्यातून आपली सामग्री घ्यायची आणि उत्तरदायित्व मात्र स्वीकारायचे नाही, हे रूप रसिकाचे आहे तसेच कलावंताचेही आहे. चित्रपटाचे संगीत दिग्दर्शकाचेच आहे, हे लक्षात घेतले तर ह्या व्यक्तिरेखेत आत्मटीकेचा अंश दिसतो. निव्वळ आस्वादाची भूमिका घेणाऱ्या प्रेक्षकाने सॅम्प्लरमध्ये स्वतःला ओळखावयास हवे होते. ती ओळख क्वचितच पटलेली दिसते.

५

येथे नाकारणाऱ्या प्रेक्षकाकडे पुन्हा वळणे आवश्यक आहे, कारण त्याच्या आक्षेपाचा एक भाग खरा आहे. क्रिस अखेरीस सॅम्प्लरला गोळी घालून ठार करते. तिला लुबाडणारा चोर मोकळाच राहतो. तो अस्तित्वात आहे हेही तिला उमगल्याचे दिसत नाही. निळी ऑर्किडे मिळेनाशी होतात आणि चक्र तुटते, हे खरे. पण ज्याने तिच्या शरीरातील कृमी काढला, तो पिलांचा मारेकरी असला तरी तिच्या सर्वनाशाचा कर्ता नव्हे. ही हत्या न्याय आहे, सूड आहे की केवळ चूक आहे? चित्रपट ह्या प्रश्नावरून पुढे सरकतो आणि पिलाला कुशीत घेतलेल्या क्रिसच्या प्रतिमेवर थांबतो. ही प्रतिमा मृदू आहे, प्रकाशमान आहे आणि म्हणूनच संशयास्पद आहे. पूर्वीच्या प्रसंगांत संशय पात्रांच्या ठिकाणी होता आणि तो फेडण्याची सामग्री प्रेक्षकाला मिळत होती. येथे सामग्री अपुरी आहे आणि तिची उणीव सौंदर्याने झाकली जाते. इतरत्र अर्थगर्भ असलेले मौन ह्या एका ठिकाणी पळवाट होते. ‘काहीतरी दडवले आहे’ असे म्हणणाऱ्या प्रेक्षकाला दडवलेल्या वस्तूचे नाव सांगता आले नसेल. परंतु त्याची जाणीव चुकीची नव्हती.

रा. भा. पाटणकर ह्यांनी ‘सौंदर्यमीमांसे’त (१९७४) कला ह्या संकल्पनेचे लौकिकतावादी आणि अलौकिकतावादी असे दोन ध्रुव दाखवले आणि त्यांतील एकाचे निमूट विसर्जन करता येत नाही असे मांडले. ‘अपस्ट्रीम कलर’भोवतीची दुफळी ह्या द्विध्रुवात्मकतेचे बोलके उदाहरण मानता येईल. लयीला शरण जाणारा प्रेक्षक एका ध्रुवापाशी उभा आहे, आणि हत्येचा जाब मागणारा दुसऱ्यापाशी. चित्रपटाचा बहुतेक भाग ह्या दोहोंना एकाच वेळी जागे ठेवतो. शेवट तेवढा एका बाजूला झुकतो.

‘सहृदय’ ही संकल्पना अशा वादांत पुष्कळदा पात्रतेचा दाखला म्हणून वापरली जाते. ज्याला कळले तो सहृदय, बाकीचे बाहेर. अभिनवगुप्ताच्या विवेचनाची दिशा वेगळी आहे. तो विघ्नांची यादी देतो आणि प्रत्येक विघ्न दूर करण्याचे उपाय नाट्याच्या सामग्रीत शोधतो. विघ्न निवारण्याचा भार त्याने एकट्या प्रेक्षकावर टाकलेला नाही. ही भूमिका स्वीकारली, तर कलाकृती न कळल्याची तक्रार हा प्रेक्षकाच्या अरसिकतेचा पुरावा राहत नाही. ती कोणत्या विघ्नाविषयी आहे आणि ते कोठे उद्भवले, हे तपासण्याजोगे विधान ठरते. ‘अपस्ट्रीम कलर’च्या बाबतीत ही तपासणी केल्यास बहुतेक तक्रारींचे उत्तर चित्रपटात सापडते. सॅम्प्लरच्या मृत्यूविषयीची तक्रार तेवढी शिल्लक राहते, आणि ती नाकारणाऱ्या प्रेक्षकाच्या पदरात टाकावी लागते.