मुखवट्यामागील क्षमा

चित्रकथा म्हणजे पोरखेळ, असे मानणाऱ्या पालकांनी 'डेअरडेव्हिल : बॉर्न अगेन' ही १९८६ मधील अमेरिकन चित्रकथा अवश्य वाचावी. लेखन फ्रँक मिलर ह्यांचे, चित्रे डेव्हिड मॅझुकेली ह्यांची. नायक मॅट मर्डॉक हा न्यूयॉर्कमधील अंध वकील, कॅथलिक घरातला. त्याची एकेकाळची प्रेयसी कॅरन हेरॉइनच्या एका मात्रेसाठी त्याचे गुपित विकते आणि किंगपिन हा गुन्हेगार त्याचे घर, वकिली, अब्रू सारे हिरावून घेतो.

मॅझुकेली हा अधःपात शब्दांवाचून दाखवतात. पहिल्या प्रकरणारंभी घरच्या बिछान्यात झोपलेला मॅट दुसऱ्यात स्वस्त लॉजमध्ये, तर तिसऱ्यात गल्लीतील कचऱ्यात दिसतो. पुढे त्याची शुश्रूषा करते ती मॅगी ही धर्मभगिनी.

आमच्या मते नायकाचे खरे शौर्य मारामारीत नाही. कॅरन परतते, तेव्हा तो हिशेब न मागता तिला जवळ घेतो. उधळ्या पुत्राच्या पित्याचेच स्मरण व्हावे! मात्र अखेरीस न्यूक हा उन्मत्त सैनिक अवतरतो आणि गोळीबाराच्या गदारोळात कॅरनच्या सावरण्याला फारच थोडी जागा उरते. हा दोष लहान नव्हे; क्षमा मिळाल्यावरची वाटचालच तर कठीण असते.

हिंसा व व्यसन ह्यांच्या चित्रणामुळे हे पुस्तक लहानग्यांच्या हाती देऊ नये. महाविद्यालयीन मुलांसह आईवडिलांनी मात्र ते जरूर वाचावे. आणि आपल्या घरचे कोणी असे परतले, तर दार कोण उघडील, हे एकमेकांस विचारावे.